परदेशस्थ नातवंडांची मराठी

परदेशगमन ही आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांना आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. कुणाची लेक जर्मनीत, कुणाचा भाचा कॅनडात, तर कुणाचे धाकटे दीर-जाऊ ऑस्ट्रेलियात. तेथील पगार, तेथील रस्ते, तेथील थंडी यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु मुलाबाळांसह तेथे संसार कसा चालतो, सकाळी डबा कोण भरते, संध्याकाळी मुले कोणाशी काय बोलतात, हे आपण क्वचितच विचारतो. विचारलेच तर त्या विचारण्याची अखेर एका तक्रारीत होते : ‘नातवंडांना मराठी येत नाही हो!’ या तक्रारीत आरोपी म्हणून नातवंडांना आणि त्यांच्या आईबापांना उभे करण्यात येते. माझे मत थोडे निराळे आहे. परदेशात मुलांची मराठी टिकते ती सणांनी अथवा वर्गांनी नव्हे, तर केर काढणे, भाजी चिरणे असल्या रोजच्या कामांनी. आणि ती खुंटते तेव्हा दोषाचा काही वाटा इकडे राहणाऱ्या मंडळींकडेही येतो.

माझी लेक जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहते. (हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर मानले जाते, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसावी.) सन २०२३ मध्ये ऑगस्टअखेरपासून तीन महिने मी तिच्या बिऱ्हाडी होते. नात नऊ वर्षांची, नातू सात वर्षांचा. आपल्याकडे परदेशातील संसाराचे जे सुखासीन चित्र रंगविले जाते, ते पहिल्या आठवड्यातच पुसले जाते. भांडी घासावयास बाई नाही, दूध दारात येत नाही, इस्त्रीवाला नाही. नोव्हेंबरात सकाळी सात वाजता बाहेर रात्रच असते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पुन्हा दिवे लागतात. त्या अंधारातच मुले पाठीवर दप्तर बांधून आपली आपण शाळेस चालत निघतात. रस्ता कसा ओलांडावा हे मुलांना आधी नीट शिकवितात आणि मग एकटे सोडतात. आपल्याकडील रिक्षात कोंबलेली पोरे डोळ्यांसमोर आणून मी प्रथम हळहळले. पुढे मात्र मला त्या पद्धतीचा हेवा वाटू लागला.

त्या प्रांताला श्वाबेन म्हणतात आणि तेथे ‘केअरवोखे’ नावाची एक जुनी रीत आहे. केअर म्हणजे झाडणे, वोखे म्हणजे आठवडा. इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडावयाचा, पुसावयाचा, दारापुढील पायवाट स्वच्छ ठेवावयाची आणि हिवाळ्यात तेथील बर्फही ओढावयाचे. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक लहानशी पाटी लटकते. शेजारणी त्या पाटीकडे आणि त्याहून अधिक जिन्याच्या कोपऱ्यांकडे बारीक नजरेने पाहत असतात! आमच्या दारावर पाटी आली की शनिवारी बापलेक तिघे जिन्यात उतरत. ‘वरून खाली झाड’, ‘सुपली धर’, ‘कठड्याखालचा केर राहिला’, ‘फडके नीट पीळ, पाणी गळते आहे’ असे सारे बोलणे मराठीत चाले. ‘पिळणे’ हे क्रियापद त्या मुलाला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ओल्या फडक्याने शिकविले. पुढे तोच शब्द तो लिंबाला लावू लागला, आणि एके दिवशी बहिणीच्या कानालाही!

तेथील मोठ्या शहरांतून महाराष्ट्र मंडळे आहेत. गणपती बसतो, दिवाळी होते, कित्येक ठिकाणी मुलांसाठी मराठीचे वर्गही चालतात. ते चालविणारे गृहस्थ व भगिनी नोकरी सांभाळून पदरचा वेळ देतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु आठवड्याचे तास १६८. त्यांतील एखाददुसरा तास वर्गाचा. उरलेल्या तासांत घरात काय बोलले जाते, यावरच सारे अवलंबून राहते. माझ्या ओळखीच्या एका घरी आईबाप दोघेही मराठी, दोघेही शिकलेले. पण मुलाशी बोलणे ‘मिल्क फिनिश कर’, ‘शूज नीट कीप कर’ या थाटाचे. या वाक्यांत मराठीच्या वाट्याला फक्त ‘कर’ उरला आहे. मुलाने दूध संपविले, पण ‘संपविणे’ त्याला मिळाले नाही.

बेल्जियममधील फ्लँडर्स भागात अशा घरांची मोठी पाहणी झाली आणि ॲनिक द हाऊवर या विदुषीने तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. बाहेरची भाषा डच आणि घरात दुसरीही एखादी भाषा, अशी सुमारे १९०० कुटुंबे तिने तपासली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश घरांत मुले ती दुसरी भाषा मुळीच बोलत नव्हती. मात्र जेथे आईबाप दोघेही घरात आपलीच भाषा बोलत, तेथे जवळजवळ सर्व मुले ती बोलत होती. घरातील मोठ्या माणसांच्या बोलण्याला किती वजन आहे, हे यावरून कळेल.

आपल्याच लोकांच्या इतिहासात याचे दोन दाखले आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरास गेलेल्या मराठी मंडळींचे वंशज आजही कित्येक घरांत मराठी बोलतात. ती आपल्या मराठीहून वेगळी वाटते, आणि ती बोलणाऱ्या अनेकांचे लिहिणे-वाचणे तमिळमध्ये होते. पण चुलीपाशी ती उरली. उलट, १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जी माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत कोकणातील मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला; त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकविलीही जाते. तरीही बहुतेक घरांतील रोजचे बोलणे आज क्रिओल भाषेत चालते. दोन्हीकडची परिस्थिती अगदी निराळी होती, हे मी जाणते. मळ्यांवरील मजुरांचे जे हाल झाले, त्यात घरची भाषा शाबूत राहणे सोपे नव्हते. तरी सण आणि शाळा घरच्या बोलण्याची जागा पुरतेपणी भरून काढीत नाहीत, एवढे यातून दिसतेच.

आता कोणी म्हणेल, ज्या मुलाला जन्मभर जर्मनीत राहावयाचे आहे त्याला मराठीचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या लेकीकडे पाहून मिळाले. ती जर्मन बोलते, कार्यालयात तिचे काही अडत नाही. परंतु शाळेतील पालकांच्या सभेत ती मागच्या बाकावर गप्प बसते. इतर आया भराभर बोलतात, हसतात. तिला विनोद कळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. जर्मन भाषेत आपल्या मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. ती चुकली की मुले लगेच तिची चूक सुधारतात. आता कल्पना करा की त्या घरात जर्मन हीच एक भाषा आहे. मग त्या मुलांना आपली आई कशी दिसेल? अडखळणारी, चुकणारी, शब्द शोधणारी. तीच बाई मराठीत बोलू लागली की नकला करते, म्हणी फेकते, रागावते तीही झोकात. आईचे हे पुरे रूप पाहण्याचा मुलांना हक्क आहे, आणि त्याचे दार मराठीतूनच उघडते. नोकरीधंद्यात मराठी चालेल की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने फार पुढचा आहे.

लहान जिवावर इतक्या भाषांचा भार कशाला, असाही एक आक्षेप येतो. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांच्या गोपाळरावांना येथे आणून सयाजीराव म्हणून गादीवर बसविले, तेव्हा त्यांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही भाषा शिकावयास लावले होते. आपली या शहरातील मुले तरी दुसरे काय करतात? घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. कोणाची पाठ मोडलेली मी पाहिली नाही.

मात्र भाषेच्या अभिमानाचे रण मुलांच्या डब्यावरून माजवू नये. नातवाने एकदा डब्यात मेथीचे ठेपले नेले. वर्गात कोणी तरी हिरव्या पोळीला नाक मुरडले. दुसऱ्या दिवसापासून त्याने लोणी लावलेला पावच मागितला. माझ्या जावयांना वाईट वाटले; त्यांना वाटले, मुलाला आपल्या अन्नाची लाज वाटू लागली. मला तसे वाटले नाही. सात वर्षांच्या मुलाला चार सोबत्यांत एकटे पडावेसे वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत त्याने पाव खावा. संध्याकाळी घरी ताटात ठेपले होतेच, आणि ते तो मागून घेत होता.

आता इकडच्या मंडळींविषयी. रविवारी आजोबांचा फोन येतो. पडद्यावर नातू दिसतो आणि आजोबा विचारतात, ‘हाऊ आर यू, बेटा? हाऊ इज स्कूल?’ नातू मख्खासारखा पाहत राहतो. आजोबा निराश होतात : पोराला बोलताच येत नाही! परंतु स्टुटगार्टच्या बाजूस प्राथमिक शाळेत इंग्रजी तिसरीपासून सुरू होते. दुसरीतल्या त्या मुलाला जर्मन येते आणि मराठी येते. आजोबांना मराठी येते आणि इंग्रजी येते. दोघांना जोडणारी एकच भाषा होती, आणि नेमकी तीच आजोबांनी बाजूस ठेवली! परदेश म्हणजे इंग्रजी, हा भ्रम आपल्याकडे फार खोल रुजला आहे.

दुसरी गोष्ट हसण्याची. जर्मनीत शाळेची हजेरी सक्तीची आहे. दिवाळीसाठी म्हणून मुलांना पंधरा दिवस काढून आणता येत नाही. त्या भागातील मोठी सुट्टी जुलैअखेर लागते आणि सप्टेंबरात संपते. म्हणून ही पाहुणी मुले बहुधा ऑगस्टात, भर पावसात, तुमच्या शाळा चालू असतानाच येतात. विद्यार्थिमित्रहो, असा आतेभाऊ अथवा मावसबहीण तुमच्या घरी आली आणि ‘सूर्य उगवली’ म्हणाली की तुम्ही हसता. जर्मन भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी. तीन लिंगे त्या मुलीला उत्तम समजतात. फक्त कोणता शब्द कोणत्या दालनात ठेवावयाचा, तेवढे तिचे एखादे वेळी चुकते. शिवाय जर्मन माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो, म्हणजे आपल्यासारखाच एकं आधी उच्चारतो. इंग्रजीतून आकडे शिकलेल्या तुमच्यातील कित्येकांना एकोणसाठ की एकोणसत्तर याचा घोटाळा पडतो, तो तिला कदाचित कमी पडेल. तेव्हा हसण्यापूर्वी एकदा तिच्याबरोबर पाढे म्हणून पाहा.

एकदा हसे झाले की ते मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, आणि मग सारे जण इंग्रजीत शिरतात. तुम्हालाही आपले इंग्रजी दाखविण्याची हौस असतेच. त्याऐवजी त्याला कमाटी बागेत न्यावे, तेथील वस्तुसंग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे तो दाखवावा, आणि वाटेत मराठीतच भांडावे. भांडताना भाषा फार लवकर येते. त्याच्या बोलण्यात जर्मन शब्द आले तर बिचकू नये. आपल्या वडोदरी मराठीत खिडकीची ‘बारी’ झालेली कानी पडते, तेव्हा आपण कुठे बिचकतो?

आणि फोनची वेळही पाहून ठेवावी. तेथे मुले रात्री आठला निजतात. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात, म्हणून आठवड्यातील इतर दिवशी भेट पडत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्या सायंकाळी साडेपाचला तेथे दुपारचे दोन वाजतात, पुढे हिवाळाभर साडेसहाला. रविवारी त्या सुमारास त्यांची जेवणे आटोपलेली असतात आणि भांडी पुसावयाचे काम मुलांकडे असते. हातात फडके असले की माझा नातू पुष्कळ बोलतो.