पाकिटावरचं नाव आणि झाडावरची मिरची

मंडळी, एक गोष्ट स्पष्टच बोलतो. ज्या मिरचीची जात खात्रीनं माहीत नाही, तिला अंदाजानं नाव देऊन तिचं बी कुणाला देऊ नये. कुणी म्हणेल, एवढ्याशा मिरचीसाठी काय हे! पण आपल्या बेळगावकडच्या घरांत वर्षाचं तिखट मिरचीच्या नावावरच होतं. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, आणि दोघींचं प्रमाण ज्या त्या घराचं. नाव चुकलं की डंकावर कुटून आणलेलं सगळं तिखट चुकलं. मग वर्षभर आमटी खाताना डोळ्यांतून पाणी.

आमच्या गल्लीतलंच उदाहरण घ्या. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला तीन घरांनी एकाच दुकानातून ब्याडगीच्या बियांची पाकिटं आणली. दसऱ्यानंतर मिरच्या लागल्या त्या बोटाच्या पेराएवढ्या, आभाळाकडे तोंड करून, आणि जिभेला लागली की कानातून वाफ! शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही लवंगीच की हो." अण्णा म्हणाले, "छे, ब्याडगीच आहे. बाजूला कुणाची तरी तिखट मिरची असणार, तिचा गुण लागला." दुकानदारानं मातीवर ढकललं. तिघांची उत्तरं सोयीची होती, पण झाड नीट बघून कुणीच बोललं नव्हतं.

अण्णांचं म्हणणं आपल्यातल्या पुष्कळांना पटतं, म्हणून आधी तेच घेऊ. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. मिरचीत हे उलटं आहे. शेजारच्या झाडाचे पराग मधमाशीनं आणले तरी यंदाच्या फळाचा आकार आणि तिखटपणा आपल्याच झाडाचा राहतो. फरक पडतो तो आतल्या बियांत, आणि दिसतो पुढच्या पिढीत. म्हणजे गुण लागत नाही, वाणच बदलतो. ऊन आणि पाण्याची ओढ यानं तिखटपणा थोडा कमीजास्त होईल, पण लांब, खाली लोंबणारी मिरची आखूड होऊन वर तोंड करणार नाही. तेव्हा मातीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग ओळखायचं कसं? पानावरून नाही, फुलावरून. ब्याडगी, संकेश्वरी, ज्वाला, एवढंच काय ढोबळी मिरचीसुद्धा एकाच कुळातली. त्यांना बहुधा एका पेरावर एकच फूल येतं, पाकळ्या पांढऱ्या. एका पेरावर दोन-तीन फुलं, पाकळ्यांना हिरवट झाक, आणि बारीक फळं वर तोंड केलेली, असं असेल तर ते कूळ वेगळं. केरळची कांतारी त्यातली. देठ फळाला मिळतो तिथं आवळल्यासारखी कडी दिसली, तर ईशान्येकडच्या भूत जोलोकियाचं कूळ, तिथं हात जपून. मात्र एका खुणेवर निकाल देऊ नये. फूल, देठ, फळाची ठेवण आणि पिकल्यावरचा रंग, चारही जुळू द्या. आमच्या गल्लीतल्या झाडांच्या खुणा कांतारीच्या कुळाशी जुळल्या.

आणखी एक बघावं. पाकिटातली सगळी रोपं सारखीच, पण भलत्याच जातीची निघाली, तर लेबल चुकलंय. प्रत्येक झाड वेगळंच निघालं, तर बी मिसळीचं किंवा संकरातलं. आमच्या तिन्ही घरी झाडं सारखीच होती. यावर वेगळं काय सांगायचं?

चव बघायची तर टोकाकडून कणभर. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्यात असतो. झोंबलं तर पाण्याचा उपयोग नाही. दूध नाहीतर दही घ्या.

आपल्याला कुंडीत चूक निघाली तर हसून सोडता येतं. शेतकऱ्याला नाही. ब्याडगीला भाव मिळतो तो रंगाला. डब्बी काय, कड्डी काय, दोन्हींची ख्याती गडद लाल रंगाची आणि बेताच्या तिखटाची. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या नावाखाली भलतंच बी गेलं तर रोप ओळखू येईपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. १९६६ च्या बियाणे कायद्यात लेबलाचा विचार झालाय तो उगीच नव्हे. म्हणून पाकीट आणि पावती फळं येईपर्यंत जपून ठेवावी, आणि गडबड निघाली तर दुकानात जाऊन सांगावी. "जाऊ दे की" म्हणून आपण गप्प बसलो, तर तेच पाकीट उद्या दुसऱ्याच्या गळ्यात पडणार.

आणि आपल्या बायकांची जी पद्धत आहे, पदराच्या गाठीत बी बांधून माहेरी, नणंदेकडे, शेजारी द्यायची, ती मला फार मोलाची वाटते. ती टिकवायची असेल तर पुडीवर तीन गोष्टी लिहा: बी कुठून आलं, कुठल्या साली धरलं, फळ कसं होतं. खात्रीचं बी हवं असेल तर कळी उमलण्याआधी तिला मलमलीची पिशवी बांधा आणि त्याच फळाचं बी धरा. जात कळली नसेल तर सरळ "अनोळखी" लिहा, त्यात कमीपणा नाही. तुमच्याकडे जुन्या वाणाचं खात्रीचं बी असेल तर खाली जरूर सांगा, गावाच्या नावासकट.