नादार, दिवाळखोर आणि सरकारी घरमालक

मराठीत 'खोर' हा प्रत्यय ज्या शब्दांना लागतो ते शब्द एकदा ओळीने वाचून पाहावेत : चुगलखोर, भांडखोर, लाचखोर, नफेखोर, हरामखोर. ('बंडखोर' हा अपवाद वाटेल, पण तो शब्द घडवणाऱ्या सत्तेच्या लेखी तोही गुन्हेगारच होता.) या पंक्तीत आपण 'दिवाळखोर' बसवला आहे. देणे फेडता न येणे ही एक स्थिती आहे. भाषेने तिची खोड करून टाकली. वस्तुतः 'दिवाळे' हा पेढीवरचा शब्द. भर दिवसा दिवा लावून गादी उलटी टाकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट त्याच्या व्युत्पत्तीसाठी परंपरेने सांगितली जाते. ज्याच्याकडे उलटी टाकायला गादीच नाही, त्याच्यासाठी मराठीत दुसरा शब्द होता : नादार. ज्याच्यापाशी नाही तो, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या पिढीची आत्मचरित्रे वाचणाऱ्यांना 'नादारी' शाळेतल्या फीमाफीच्या अर्थाने ठाऊक असते. 'मी नादारीवर शिकलो' हे वाक्य त्या पुस्तकांतून थोड्याशा अभिमानानेच येते.

२०१६ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात हे दोन्ही शब्द शेजारी आहेत : नादारी व दिवाळखोरी संहिता. कोणता शब्द कोणाच्या वाट्याला आला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. संहितेचा दुसरा भाग कंपन्यांसाठी आहे. तिथे नादारीचे निराकरण होते आणि ते न साधल्यास परिसमापन. 'दिवाळखोरी' येते ती तिसऱ्या भागात, म्हणजे व्यक्ती आणि भागीदारी संस्थांपाशी. कंपनी नादार होते, माणूस दिवाळखोर! हा योगायोग आहे असे मानण्याचे स्वातंत्र्य वाचकांना आहेच.

हा विषय अहमदनगर जिल्ह्याच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) संदर्भात मांडण्याचे कारण ऐतिहासिक आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात पेटलेला उठाव श्रीगोंदे, पारनेर, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तो 'दख्खनचे दंगे' या नावाने दोन परिच्छेदांत संपतो. या शेतकऱ्यांनी माणसे मारली नाहीत. त्यांनी रोखे आणि खते मागून घेतली आणि जाळली. आपल्याला लुबाडणारी खरी वस्तू कागद आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्याने बंद केले. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासण्यास न्यायाधीशाला सांगितले. आणि पन्नास रुपयांपासूनच्या कर्जासाठी शेतकऱ्याला स्वतः होऊन नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली. वसाहतवादी सरकारला शेतकऱ्याचा पुळका नव्हता, त्याला पुन्हा आग नको होती, हे खरेच. तरीही ऋणको हा लबाड असेलच असे नाही, एवढी गोष्ट या जिल्ह्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने मान्य केली होती.

आज त्याच जिल्ह्यातला एखादा हमाल किंवा बंद पडलेल्या कारखान्याचा कामगार कर्जात बुडाला, तर त्याला कोणता कायदा उपलब्ध आहे? संहितेत अशांसाठी 'नव्या आरंभा'ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, माफीस पात्र कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशांनी अर्ज करावा. साठ हजार म्हणजे महिना पाच हजार. या रकमेत कोण जगते हे विचारू नये. पण तो प्रश्नही उद्भवत नाही, कारण ही तरतूद लागूच झालेली नाही. तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. उरलेल्यांसाठी मुंबई शहराबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्याच्या भाषेत जिल्हा अजून 'प्रांता'तच आहे.

समजा, त्या जुन्या कायद्याखाली एखाद्याला न्यायालयाने नादार ठरवले. तो सरकारी वसाहतीत भाड्याने राहतो आणि त्याचे भाडे थकले आहे. इथे कायद्याचे खरे रूप दिसते. नादारीतून मुक्तता मिळाली की सावकाराचे, दुकानदाराचे, खासगी घरमालकाचे देणे सुटते. परंतु सरकारचे देणे सुटत नाही. कलम ४४ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. वाटणीच्या वेळी सरकार आणि स्थानिक संस्था यांचा हक्क आधी, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे आपल्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा सर्वांत न सुटणारा धनको कोण, तर ज्याने त्याला दुबळा म्हणून घर दिले तो!

आणि कर्ज सुटले तरी घर राहीलच असे नाही. देण्याची वसुली ही एक गोष्ट, ताबा मागणे ही दुसरी, असा कायद्याचा तर्क आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ साली एका सामाजिक गृहसंस्थेच्या खटल्यात हेच सांगितले : भाडेकरूला दिवाळखोर ठरवले गेल्याने थकलेल्या भाड्यापोटी घराचा ताबा मागण्याचा घरमालकाचा मार्ग बंद होत नाही. तर्क निर्दोष आहे. ज्या भाड्यासाठी आता पैसे मागता येत नाहीत, त्याच भाड्यासाठी घर मागता येते, एवढेच त्याचे फलित.

आपल्याकडे ही विषमता आणखी एका पायरीने वाढते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार खासगी घरमालकाला थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यावर पुन्हा नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी पंधरा टक्के व्याजासह आणि खर्चासह न्यायालयात भरली, तर त्याला काढता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आलेली एक ओळ असे सांगते की भाडेनियंत्रणाखालच्या राहत्या घरातील भाडेकरूचा हक्क जप्त होऊ शकत नाही; आणि जे जप्त होऊ शकत नाही ते नादाराच्या मालमत्तेतही धरले जात नाही. उत्तम. पण १९९९ चा कायदा सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या जागांना लागू नाही, त्यामुळे ही दोन्ही छत्रे तिथे मिटतात. म्हाडाच्या गाळ्याला १९७६ च्या म्हाडा कायद्याचे कलम ६६ लागू होते : दोन महिन्यांहून अधिक भाडे थकले की सक्षम अधिकारी जागा रिकामी करण्याचा हुकूम काढू शकतो. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होते. दिवाणी न्यायालयाचे दार बंद. नगर जिल्हा म्हाडाच्या नाशिक मंडळात येतो. नगरपालिकेची २००३ साली महापालिका झाली, आणि महापालिकेच्या जागेतून बाहेर काढण्याचा अधिकार आयुक्तांच्या हाती आहे.

हे असे का, याचे उत्तर १९५४ च्या निकालसंग्रहात छापलेले आहे. मुंबई गृहनिर्माण मंडळाला भाडेनियंत्रणातून वगळणे हा समानतेच्या हक्काचा भंग आहे, असे म्हणत मंडळाच्या भाडेकरूंच्या बाजूने प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सूट वैध ठरवली. शासन वा मंडळ नफ्यासाठी घरे बांधत नाही, म्हणून ते भाडेकरूला छळणार नाही, ही त्यामागची धारणा होती. ज्याच्या सद्हेतूवर विश्वास ठेवून त्याला कायद्यातून मोकळे सोडले, त्याच्याच हाती सर्वांत धारदार हत्यार राहिले. १९८९ साली मुंबई बंदर न्यासाच्या प्रकरणात न्यायालयाने सार्वजनिक संस्थेने घरमालक म्हणूनही न्याय्य आणि वाजवीच वागले पाहिजे, असे बजावले खरे. पण ते वागणे वाजवी नव्हते हे सिद्ध करायला नगरच्या भाडेकरूला वकील घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते. दोन महिन्यांचे भाडे ज्याला देता आले नाही, त्याने!

यावर ठरलेला आक्षेप येतो : सार्वजनिक पैसा आहे, सवलत दिली की प्रामाणिकपणे भरणाराच मूर्ख ठरतो. आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे, आणि म्हणूनच माफी मागितलेली नाही. खासगी भाडेकरूही थकबाकी पंधरा टक्के व्याजाने भरतो. त्याला मिळतो तो वेळ आणि एक न्यायाधीश. शासनाने खासगी घरमालकावर जे लादले तेवढे स्वतःवर लादावे, यात औदार्य कोणते?

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे कलमांचे दळण कशासाठी, असे कोणी विचारील. माझ्या मते ते इथेच हवे. कर्ज म्हटले की आपल्या वर्गात शेतकरी आणि सावकार ही जोडी उभी राहते, आणि घरमालक म्हटले की चाळीचा मालक. दोघांनाही चेहरा आहे, त्यांचा राग येतो, 'बटाट्याची चाळ' आठवत हसूही येते. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' मध्ये भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये १९८२ च्या संपानंतरचे गिरणगावातले घर आहे. याच जिल्ह्यातल्या धामणगावचे दया पवार 'बलुतं'मध्ये मुंबईतला कावाखाना उभा करतात. पण जिथे घरमालक हे एक खाते आहे आणि त्याच्याशी होणारा सगळा संवाद नोटिशीच्या क्रमांकाने होतो, अशी कथा मराठीत कितीशी आहे? नोटीस हा गद्यप्रकार आपण वाचतच नाही. त्यातली क्रियापदे पाहावीत : कसूर केली आहे, ताबा सोडावा, निष्कासित करण्यात येईल. कर्ता कुठेच नाही. आणि मुदत संपली की कालचा 'गाळेधारक' आज 'अनधिकृत भोगवटादार' होतो. माणूस तोच, खोली तीच, शब्द बदलला की पोलीस येऊ शकतात.

शेतकऱ्यांनी १८७५ साली रोखे जाळले, कारण ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते. कलम ६६ मधल्या दोन महिन्यांच्या जागी नव्वद दिवसांची लेखी नोटीस, त्यापुढे थकबाकी भरण्यास आणखी नव्वद दिवस, आणि नादारीचा अर्ज प्रलंबित असेतो निष्कासनास स्थगिती : एवढी दुरुस्ती विधिमंडळ एका बैठकीत करू शकते. आणि १९२० च्या कायद्याच्या ४४ व्या कलमातून सरकारने आपले थकलेले घरभाडे तरी वगळावे, ही मागणी संसदेकडे करावी लागेल.