दुर्बीण जुनी घ्या, माउंट पारखून घ्या

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात आकाशाचे फोटो काढायची हौस कुणी बोलून दाखवली, की पहिला विषय पैशांचा निघतो. नवी दुर्बीण, तिला पेलणारा आणि फिरवणारा माउंट, कॅमेरा असा हिशेब लाखावर जातो आणि हौस बारगळते. सुरुवात जुन्या सामानावर करण्यात खरे तर काहीच कमीपणा नाही.

उदाहरणच पाहा: पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण टिपायला ते सामान घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुढे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ती दुसऱ्यांच्याच हाती राबली. सेकंडहँडच म्हणायची की!

फसगत होते ती खरेदीत. नवखा गिऱ्हाईक 'किती पॉवरची?' एवढेच विचारतो. फोटोसाठी पॉवरपेक्षा माउंट महत्त्वाचा. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका पुढे गेलेला असतो. माउंटने त्याचा पाठलाग केला नाही, तर तारे रेघा होऊन उमटतात. म्हणून जुना माउंट घेताना नळी हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहावी. गिअर ढिला असेल तर लगेच हाताला कळते. आरशावरच्या धुळीला घाबरू नये, ती पुसायलाही जाऊ नये. भिंगावर बुरशीची जाळी धरली असेल, तर मात्र स्वस्तातला सौदाही सोडून द्यावा.

आकाशाचा पाठलाग नीट व्हावा म्हणून धामणगाव बढेत माउंटचा अक्ष ध्रुवाकडे वळवायचा तो क्षितिजापासून जेमतेम साडेवीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर. उत्तरेला घर किंवा झाड आडवे आले, की संपलेच.

2021 मध्ये पुण्याच्या सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूने पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा जोडून चंद्राचे चित्र तयार केले, ते देशभर गाजले. चंद्र शहरातूनही साधतो. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका यांच्या फिकट कडा टिपायला मात्र अंधार लागतो, आणि तो गावाकडे फुकट मिळतो. जुना डीएसएलआर, लहान लहान एक्स्पोजर आणि ते एकावर एक रचणारे 'सिरिल'सारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर पहिला हिवाळा निघतो. पावसाळ्यात सामान सिलिका जेलसह डब्यात बंद ठेवावे.

या फुकटच्या अंधारावर आता हायमास्टची नजर आहे. चौकाचौकात त्याची मागणी होते, आणि दिव्याचे तोंड तिरपे राहिले की निम्मा उजेड आभाळात जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा लगतच्या गावांत जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले गेले होते. असे दिवे मोताळा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनाही बसवता येतील. रस्ता तेवढाच उजळेल आणि विजेचे बिलही कमी येईल.