गळाच्या सहलींना परवाना हवाच

गळाच्या मासेमारीच्या सहली नेणाऱ्यांना परवाना लावणे म्हणजे नवी वसुली, हे आपल्या वाचकपत्रातील मत पटले नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या मच्छीमारांना १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे. जून-जुलैच्या बंदीकाळात त्यांच्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला २०२३पासून मनाई आहे. मग पैसे घेऊन हौशी गिऱ्हाइकांना वैतरणेच्या मुखाशी नेणाऱ्याची जबाबदारी कुठेतरी नोंदलेली नको का?

गळाला लागून लागून किती मासे लागणार, हा आक्षेप वजनापुरता खरा आहे. पण हौशी माणूस फोटोसाठी मोठाच मासा शोधतो. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला सर्वांत मोठा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादीच. किमान आकाराचा नियम तिला वाचवत नाही. ती अलगद सोडायची की टोपलीत टाकायची, हे होडीवरच्या वाटाड्याच्या हातात असते. वसुलीची भीती मात्र रास्त आहे. म्हणून शुल्क नाममात्र असावे, परवाने मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत स्थानिक कोळ्यांना आधी मिळावेत आणि खडकावर बसून गळ टाकणाऱ्याला त्यातून वगळावे. अटी तीनच पुरेत: प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, बंदीकाळात सहल बंद, मोठा जिताडा परत पाण्यात. मत्स्यव्यवसाय विभागाने पुढच्या हंगामाआधी असे नियम जाहीर करावेत.

– एक वाचक, वसई