उसाची मालमोटार आणि टायरची हवा

गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या मालमोटारी धावू लागतात. तोडलेला ऊस जितक्या लवकर गव्हाणीत पडेल तितका त्याचा उतारा चांगला, हे शेतकरी जाणतो. म्हणून फडावर घाई असते. मोळ्या किती उंच रचल्या याकडे सर्वांचे लक्ष असते, परंतु तो सारा भार ज्यावर उभा राहतो त्या टायरकडे क्वचितच कोणी पाहतो. बैलाच्या खुरास पत्री ठोकल्यावाचून लांबच्या वाटेस न निघणाऱ्या समाजाने मोटारीच्या बाबतीत इतके बेफिकीर असावे, हे योग्य नव्हे.

मालमोटारीचा भार मुख्यत्वे टायरमधील हवा पेलते. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरच्या भिंती अधिक वाकतात, आतील थर तापतात, सैल होतात आणि अखेर टायर फुटतो. जादा भारानेही हेच घडते. म्हणून हवेचा दाब रोज सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मापकाने पाहावा. लोखंडी कांबीने ठोकून केवळ बसलेला टायर कळतो. थोडा उतरलेला कळत नाही. चालून तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडणे ही चूक होय. मागील जोडचाकांपैकी आतील चाकाची हवा तपासण्याचा कंटाळा केला जातो. ते उतरले की बाहेरच्या चाकावर दोघांचा भार येतो. जोडचाकांत अडकलेला दगडही काढून टाकावा.

निवड करताना रस्ता पाहावा. फडातील खडबडीत वाटेवर नायलॉन टायरची जाड भिंत उपयोगी पडते. लांबच्या डांबरी रस्त्यावर रेडियल टायर कमी तापतो, अधिक टिकतो व इंधन वाचवतो. रेडियलच्या मापात इंग्रजी ‘आर’ हे अक्षर असते. एकाच आसावर दोन्ही प्रकार मिसळू नयेत, व जोडीचे टायर सारखे झिजलेले असावेत. टायरच्या भिंतीवरील चार आकडी खुणेवरून वय कळते. १५२४ म्हणजे २०२४ सालचा पंधरावा आठवडा. नवे रबर चढवलेला टायर, सांगाडा निर्दोष असल्यास, मागे चालेल. पुढे तो लावू नये, कारण पुढचा टायर फुटला तर गाडी चालकाच्या हाती राहत नाही. मालमोटारीच्या टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ असू नयेत, असा नियम आहे. टायर गोटा होईपर्यंत वाट पाहणे ही काटकसर नव्हे.

भाडे टनावर मिळते, मग कमी भरून गाडीचा हप्ता कसा फेडावा, असे वाहतूकदार विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. परंतु वाटेत फुटलेला एक टायर कित्येक खेपांची कमाई नेतो आणि ऊस उन्हात वाळत पडतो. सहा टायरच्या दोन आसी मालमोटारीस २०१८ पासून वाहनासह १८.५ टनांची मर्यादा आहे. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार जादा भारास वीस हजार रुपये व वरील प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. दंडाहून मोठी गोष्ट ही की, त्याच रस्त्याने गावची मुले शाळेस जातात. सगळा दोष चालकाच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. एकाच खेपेत शेत रिकामे व्हावे असा हट्ट धरणारा मालाचा धनीही त्या भारात वाटेकरी असतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक सेवा सोसायटीने हवेचा एक चांगला मापक बाळगावा. ग्रामीण कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी वाहतूकदारांस एकत्र बोलावून टायरची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. शेतकरी बंधूंनी गाडी भरण्यापूर्वी तिच्या चाकांभोवती एक फेरी मारावी, आणि हवा कमी दिसल्यास मोळी चढवण्यास नकार द्यावा. त्या नकाराने खेपेस थोडा उशीर होईल. पण गाडी, माल आणि माणसे सुखरूप पोहोचतील.