दहावीच्या मुलांची झोप

महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांच्या सूचनेनंतर राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. योग्यच झाले. पण झोपेची खरी ओढाताण होते ती आठवी ते दहावीच्या मुलांची, आणि त्यांचा विचार झालाच नाही.

वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. मग लवकर अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. हा आळस नव्हे. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ला सुरू केल्या, तेव्हा मुलांची झोप रोज अर्ध्या तासाहून अधिक वाढली. कॅलिफोर्नियाने तर शाळा उशिरा सुरू करण्याचा कायदाच केला.

आपल्याकडेही आठवी ते दहावीचे वर्ग उशिरा भरवायला हवेत. त्याच खोल्यांत दोन सत्रे भरवणाऱ्या शाळांची अडचण खरी आहे. वर्गखोल्या वाढवाव्या लागतील. त्यासाठी सरकारने पैसा द्यावा.