खिडकीतून येणारा परका उजेड

रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजला तर पोलिसांना फोन करता येतो, कारण २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. पण समोरच्या इमारतीचा फ्लडलाइट रात्रभर उशीवर पडत असेल, तर तक्रार कुठे करायची? प्रकाशासाठी आपल्याकडे तसा नियमच नाही. मुंबईत २०१८ साली मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्याच्या दिव्यांची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली. पण प्रत्येकाने तिथपर्यंत जायचे का?

हा केवळ चिडचिडीचा प्रश्न नाही. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशींचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नसतेच. उजेड आहे की अंधार, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. उजेड आहे असे कळले की मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक कमी होते. पांढऱ्याशुभ्र एलईडीतल्या निळ्या अंशाला या पेशी सर्वात जास्त दाद देतात. झोपताना डोळ्यांपर्यंत १ लक्सपेक्षा जास्त असा प्रकाश पोहोचू नये, असे तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ साली सुचवले. पौर्णिमेचे चांदणे त्याहूनही मंद असते.

खिडकीतल्या दिव्याने कर्करोग होतो, असे मात्र कोणी सांगू नये. रात्रपाळीच्या अभ्यासांचे निष्कर्ष इथे चिकटवता येत नाहीत. झोप मोडते, एवढे कारण पुरेसे आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना तर ते चांगलेच भोवते.

‘जाड पडदे लावा’ हा सल्ला एसीवाल्यांसाठी ठीक. दहा बाय बाराच्या खोलीत चौघे झोपतात, तिथे मे महिन्यात एकुलती खिडकी झाकली तर उजेडाबरोबर वाराही जातो. आणि दिवा शेजाऱ्याचा, मग खर्च यांनी का करायचा?

ब्रिटनने २००५ च्या कायद्याने त्रासदायक दिव्याला उपद्रवांच्या यादीत घातले. फ्रान्समध्ये दुकानांच्या शोकेसचे दिवे मध्यरात्रीनंतर बंद करावे लागतात. लांब कशाला, २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळालेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडे खाली वळवली आहेत. तिथे ते आकाशासाठी केले, शहरात माणसांसाठी करता येईल.

अंधाराने असुरक्षितता वाढेल, ही शंका रास्त आहे, विशेषतः महिलांची. पण डोळ्यांवर येणारा झोत रस्ता दाखवत नाही, डोळे दिपवतो. झाकण लावलेला, खाली वळवलेला पिवळसर दिवा रस्त्यावरच पडतो. होर्डिंग, मैदान किंवा बांधकामाला परवानगी देताना महापालिकेने दिव्याची दिशा आणि बंद करण्याची वेळ त्यातच लिहावी, आणि प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक लक्समीटर ठेवावा.